चुकलेले दिवस : गर्भाशयमुखाच्या स्रावाचा दुर्लक्षित इतिहास

(दीर्घ धागा)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील किंवा अमेरिकेतील एखादे जोडपे ‘आता आणखी मूल नको’ म्हणून डॉक्टरांकडे गेले आणि डॉक्टर सहृदय निघाले, तर एक सल्ला बहुधा मिळे : पाळीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस टाळा, दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धोक आहेत. शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या आजच्या कोणालाही कळेल की हा सल्ला नेमका उलटा होता. ज्या दिवसांत दिवस राहण्याचा संभव सर्वाधिक, तेच दिवस ‘सुरक्षित’ म्हणून सांगितले जात होते.

ही चूक अडाण्यांची नव्हती. सूक्ष्मदर्शक हाताशी असलेल्या, शवविच्छेदन करणाऱ्या, विज्ञानसंस्थांची पारितोषिके मिळवणाऱ्या विद्वानांची ती चूक होती. ती जवळजवळ ऐंशी वर्षे टिकली. आणि या सर्व काळात खरे उत्तर सांगणारी एक खूण कोट्यवधी स्त्रियांना दर महिन्याला दिसत होती. तिच्याविषयी त्यांना कोणी विचारले नाही. या धाग्यात त्या खुणेचा इतिहास आहे.

आधी खूण कोणती ते पाहू. गर्भाशयाचे खालचे निमुळते टोक म्हणजे गर्भाशयमुख. त्याच्या आतल्या अस्तरात असंख्य बारीक खाचा असतात आणि त्यांतून सतत एक चिकट द्रव पाझरत असतो. पाळी संपल्यावर काही दिवस तो अत्यल्प, घट्ट आणि चिवट असतो. गर्भाशयाच्या दाराला बसवलेले बूच म्हणावे तसा. शुक्राणूंना त्यातून वाट मिळत नाही आणि योनीतल्या आम्ल वातावरणात ते थोड्याच तासांत मरतात.

पुढे बीजकोषात एक स्त्रीबीज पक्व होऊ लागते. त्याच्या भोवतालच्या पेशींतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात रक्तात येते आणि या स्रावाचे रूप पालटते. त्यातील पाण्याचा अंश वाढतो, तो पातळ, पारदर्शक, निसरडा होतो. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा. दोन बोटांत धरला तर तुटण्याआधी काही सेंटिमीटर ताणला जातो. या स्रावात शुक्राणूंना संरक्षण मिळते, वाट मिळते आणि ते पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो आणि बूच पुन्हा बसते. स्त्रीबीजाचे स्वतःचे आयुष्य मात्र जेमतेम एका दिवसाचे. म्हणजे गर्भधारणेची खिडकी काही दिवस उघडी राहते ती स्त्रीबीजामुळे नव्हे, या स्रावामुळे. एवढी महत्त्वाची गोष्ट इतकी वर्षे नजरेआड का राहिली, हाच इतिहासाचा प्रश्न.

प्राचीनांनी काळाचा विचार केला नव्हता असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात असे म्हटले आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतीचीच उपमा. योग्य हंगाम, जमीन, पाणी आणि बियाणे. ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितला आहे. त्यापुढची उपमा विशेष लक्षणीय : दिवस मावळल्यावर कमळ मिटते, तशी ऋतुकाल सरल्यावर योनी मिटते. मनुस्मृतीत हाच काळ पाळीच्या आरंभापासून सोळा रात्रींचा धरला आहे आणि त्यातल्या पहिल्या चार रात्री वर्ज्य आहेत.

अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज साधारणपणे चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते. त्या हिशेबाने सोळा रात्रींची ही चौकट खऱ्या काळाला बऱ्यापैकी कवेत घेते आणि ‘मिटण्या’ची उपमा तर बुचाच्या वर्णनाशी जुळते. पण येथे ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ हा मोह आवरावा. त्याच मनुस्मृतीत सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या होते, असेही सांगितले आहे. निरीक्षण आणि कल्पना त्या ग्रंथांत एकाच ओळीत बसलेल्या आहेत. जुळणारे तेवढे उचलून बाकीचे झाकणे हा इतिहास नव्हे.

भूमध्य समुद्राकाठीही विचार पाळीभोवतीच फिरत होता. दुसऱ्या शतकाच्या सुमारास रोममध्ये व्यवसाय करणारा ग्रीक वैद्य सोरेनस याच्या मते पाळी ओसरत असतानाचा काळ गर्भधारणेस सर्वांत अनुकूल. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी आपल्या जुन्या पंथाला, म्हणजे मानी पंथाला, दूषण दिले ते याच मुद्द्यावर : पाळीनंतरच्या ज्या दिवसांत गर्भ राहतो असे मानले जाते, ते दिवस टाळण्याचा सल्ला हे लोक अनुयायांना देतात. ‘सुरक्षित काळ’ ही कल्पना आणि तिच्यावरचा धार्मिक वाद, दोन्ही सोळाशे वर्षांहून जुनी आहेत.

आता मोठी उडी. १६७२ मध्ये डच वैद्य रेग्निए द ग्राफ याने बीजकोषातील पुटिकांचे वर्णन केले. १६७७ मध्ये लेव्हेनहूकने शुक्राणू पाहिले. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रत्यक्ष दिसायला मात्र १८२७ उजाडावे लागले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याला ते एका कुत्रीच्या बीजकोषात सापडले. कुत्री हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी गफलत तेथूनच सुरू होते.

कुत्रीला माजाच्या आरंभी रक्तस्राव होतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत स्त्रीबीजे बाहेर पडतात. १८४० च्या दशकात जर्मनीतील थिओडोर बिशॉफ याने कुत्र्यांवरील निरीक्षणांतून दाखवले की बीजे समागमाची वाट न पाहता आपोआप, ठरावीक काळी बाहेर पडतात. हा शोध खराच मोठा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक ठरला : प्राण्यांचा माज म्हणजे स्त्रियांची पाळी, म्हणून स्त्रीबीजही पाळीच्या सुमारासच बाहेर पडत असणार. दोन्हीकडे रक्त दिसते, एवढ्या साम्यावर हा डोलारा उभा राहिला. वस्तुतः कुत्रीचा रक्तस्राव ही चक्राची नांदी असते, तर स्त्रीची पाळी म्हणजे गर्भ न राहिल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडणे. एक आधीचा, दुसरा नंतरचा.

फ्रान्समधील रूआँचा निसर्गशास्त्रज्ञ फेलिक्स-आर्किमेड पुशे याने १८४७ च्या ग्रंथात हाच सिद्धान्त नियमांच्या भाषेत मांडला. (हा तोच पुशे, जो पुढे आपोआप जीवोत्पत्तीच्या वादात लुई पाश्चरकडून पराभूत झाला. इतिहासाने त्याच्या पदरात दोन मोठ्या चुका टाकल्या.) विशेष म्हणजे याच पुशेने चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर योनीतील स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी केली होती. स्राव बदलतो हे त्याला दिसले. तो बदल कशाची वर्दी देतो हे मात्र उमगले नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले होते.

ग्रंथालयातल्या चुकीची किंमत घराघरांत मोजली गेली. बाळंतपणात स्त्रिया मरण्याचे प्रमाण मोठे असलेल्या त्या काळात ‘मधल्या दिवसां’वर विसंबलेल्या किती स्त्रियांना नको असताना दिवस राहिले, याची नोंद कोठेही नाही. पद्धत फसली की दोष पद्धतीला नव्हे, जोडप्याच्या संयमाला दिला जाई.

या काळात स्रावाकडे नीट पाहणारे अगदीच कोणी नव्हते असे नाही. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम टायलर स्मिथ यांनी १८५५ मध्ये श्वेतप्रदरावर, म्हणजे अंगावरून पांढरे जाण्यावर, एक ग्रंथ लिहिला आणि त्यात गर्भाशयमुखाच्या ग्रंथींची रचना बारकाईने वर्णिली. पण ग्रंथाचा विषयच रोग हा होता. निरोगी स्रावाला वैद्यकाच्या पुस्तकात जागा मिळाली ती विकाराच्या प्रकरणात, पार्श्वभूमी म्हणून.

त्यानंतरचे नाव जेम्स मॅरियन सिम्स. न्यूयॉर्कच्या स्त्री-रुग्णालयाचा संस्थापक, आणि दीर्घकाळ ‘आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक’ म्हणून गौरवला गेलेला शल्यचिकित्सक. त्याची कीर्ती ज्या शस्त्रक्रियेवर उभी आहे ती त्याने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, वारंवार प्रयोग करून साधली. त्यांपैकी तिघींची नावे त्याच्याच लेखनातून उरली आहेत : अनार्का, बेट्सी आणि लूसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हटवण्यात आला, तो या कारणाने.

याच सिम्सने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वंध्यत्वाचा विचार नव्या रीतीने केला. समागमानंतर काही तासांनी गर्भाशयमुखातील स्राव घ्यायचा, काचेवर ठेवायचा आणि त्यात शुक्राणू जिवंत आहेत की मेलेले, ते पाहायचे. काही स्त्रियांच्या स्रावात ते मजेत पोहत असत, काहींच्या स्रावात निपचित पडलेले दिसत. स्राव हा केवळ ओलावा नसून तो वाट देतो किंवा अडवतो, हे त्याने ओळखले. आपल्या काळाच्या मानाने ही दृष्टी असामान्य होती.

मग त्याने पुढचे पाऊल टाकले. वाट अडलेली असेल तर वीर्य थेट गर्भाशयात सोडावे. सहा स्त्रियांवर त्याने असे ५५ प्रयत्न केले. गर्भ राहिला एकीलाच, आणि तोही टिकला नाही. अपयशाचे एक मोठे कारण आज सहज सांगता येते : स्त्रीबीज पाळीच्या सुमारास सुटते या सर्वमान्य समजुतीप्रमाणे त्याने दिवस निवडले होते. ज्या स्रावाकडे तो इतक्या बारकाईने पाहत होता, त्यातच योग्य दिवसाची खूण होती. त्याने स्रावाला ‘वाट मिळेल का’ हे विचारले. ‘केव्हा मिळेल’ हे विचारले नाही.

सिम्सची तपासणी पुढे न्यूयॉर्कच्याच मॅक्स ह्यूनर यांनी १९१३ च्या ग्रंथातून पुन्हा मांडली आणि ती सिम्स-ह्यूनर चाचणी म्हणून जगभर रूढ झाली. वंध्यत्वाचा दोष सरसकट स्त्रीच्या माथी मारण्याच्या काळात या चाचणीने निदान पुरुषाचे शुक्राणूही तपासायला भाग पाडले. तेवढे श्रेय तिला द्यावे लागेल.

ऐंशी वर्षांची गाठ सुटली ती जपानमध्ये. निइगाता शहरातील स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांचे बीजकोष पाहिले, स्त्रीबीज सुटून गेल्याच्या खुणा किती ताज्या आहेत ते नोंदले आणि त्यांची पाळीच्या तारखांशी सांगड घातली. १९२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : स्त्रीबीज *पुढच्या* पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे हेर्मान क्नाउस १९२८ च्या सुमारास स्वतंत्रपणे अशाच उत्तराशी पोहोचले. मागच्या पाळीपासून पुढे मोजायचे नाही, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे, ही यातली खरी क्रांती. अडचणही तेथेच. पुढची पाळी केव्हा येणार, हे आज कोणाला ठाऊक असते? म्हणून मागच्या महिन्यांच्या सरासरीवर अंदाज बांधायचा. चक्र घड्याळासारखे चालणाऱ्या स्त्रीला ते साधे, पण आजारपण, अंगावर पाजणे, कुपोषण, चिंता, प्रवास यांनी चक्र हलले की गणित कोलमडते.

आता स्रावाची खूण वाचायला हवी होती. १९३३ मध्ये फ्रान्सच्या सेगी आणि व्हिम्यू यांनी दाखवले की चक्राच्या मध्यावर स्राव विपुल आणि पारदर्शक होतो, तो काळ स्त्रीबीज सुटण्याच्या काळाशी जुळतो आणि त्याच वेळी शुक्राणू त्यात सुखाने शिरतात. १९४६ मध्ये जॉर्ज पापानिकोलाउ, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ‘पॅप’ तपासणीचे पापानिकोलाउ, यांनी एक देखणी गोष्ट नोंदवली : मध्यकाळातला स्राव काचेवर वाळवला की त्यातल्या क्षारांचे स्फटिक नेच्याच्या पानासारख्या नक्षीत मांडले जातात. प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू झाला की ही नक्षी नाहीशी होते.

हे सारे प्रयोगशाळेत, वैद्यकीय नियतकालिकांत. ज्यांच्या शरीरात हे घडत होते त्यांच्यापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नव्हते.

येथे कथा महाराष्ट्रात येते. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच संततिनियमनाचे केंद्र काढले होते. त्यापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गेली, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना खटले झाले. कर्व्यांचा भर साधनांवर होता आणि स्त्रीच्या शरीराविषयी मराठीत उघडपणे बोलण्यावर होता. यातली दुसरी गोष्ट समाजाला अधिक झोंबली.

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या. गांधींचा साधनांना ठाम विरोध होता. संयम हाच त्यांचा मार्ग. दोघांचे जुळले नाही. पण संभाषणात ‘सुरक्षित काळा’चा विषय निघाला. जानेवारी १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये आलेल्या महादेवभाई देसाईंच्या वृत्तान्तानुसार, इतर उपायांइतकी ही कल्पना गांधींना अप्रिय वाटली नाही, कारण तिच्यात काही दिवसांचा तरी संयम होता. वर्ध्यातील त्या अर्ध्यामुर्ध्या अनुकूलतेचे पडसाद सोळा वर्षांनी दिल्लीत उमटले.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर अनेक वर्षे गांधींच्या सचिव होत्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली. राष्ट्रीय स्तरावर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. पण आरोग्यमंत्र्यांना कृत्रिम साधने मान्य नव्हती. मधला मार्ग म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची मदत मागण्यात आली आणि १९५१ मध्ये अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले. प्रयोगाची ठिकाणे ठरली दोन : दिल्लीची लोदी वसाहत आणि म्हैसूर संस्थानातून नव्यानेच राज्य झालेल्या म्हैसूरमधील रामनगरम. (होय, तेच रामनगरम. दोन दशकांनंतर त्याच खडकाळ टेकड्यांवर ‘शोले’चे रामगढ उभे राहिले.)

लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीने दिवस कसे मोजावेत? डॉ. स्टोन यांनी मण्यांची माळ योजली. एका रंगाचे मणी निर्धोक दिवसांचे, दुसऱ्या रंगाचे जोखमीचे. रोज एक मणी सरकवायचा. कल्पना हुशारीची होती. पण मणी उलट्या बाजूला सरकत, रात्रीच्या अंधारात रंग कळत नसत, माळ पोरांच्या हाती लागे. माळ गळ्यात घातली की झाले, असे समजणाऱ्या स्त्रियांच्या कथाही पुढे रंगवून सांगितल्या गेल्या. या कथांमध्ये हसे नेहमी खेड्यातल्या स्त्रीचे होते. त्यात एक गोष्ट विसरली जाते : माळ अगदी काटेकोरपणे वापरली असती तरी ती ओगिनो-क्नाउस यांच्या अंदाजाचीच माळ होती. सतत बाळंतपणे, अंगावर पाजणे आणि अर्धपोटी राहणे यांतून जाणाऱ्या स्त्रीचे चक्र मण्यांच्या हिशेबात बसणारे नव्हतेच. प्रयोग गुंडाळला गेला आणि काही वर्षांत सरकारी धोरण साधनांकडे आणि शस्त्रक्रियांकडे वळले.

रामनगरममध्ये मणी सरकत होते त्याच सुमारास, १९५३ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये वेगळ्या दिशेने शोध सुरू झाला. डॉ. जॉन बिलिंग्ज हे मज्जाविकारतज्ज्ञ. स्त्रीरोगशास्त्राशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता. कॅथलिक कुटुंबकल्याण केंद्राचे फादर मॉरिस कॅटरिनिक यांनी त्यांना गळ घातली : आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांना धर्माने कृत्रिम साधने वर्ज्य आहेत आणि तारखांचा हिशेब फसतो; काही मार्ग काढा. प्रेरणा धार्मिक होती, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या प्रेरणेतून निघालेला प्रश्न निखळ वैज्ञानिक होता : स्त्रीबीज सुटण्याच्या *आधी* शरीर काही खूण देते का? तापमान मोजण्याची पद्धत तोवर ज्ञात होती, पण तापमान वाढते ते स्त्रीबीज सुटून गेल्यावर. ती खबर उशिराची.

बिलिंग्ज यांनी जुने वैद्यकीय लेखन धुंडाळले तेव्हा स्रावाचे तुरळक उल्लेख सापडले. मग त्यांनी जे केले ते तोवर क्वचितच कोणी केले होते. त्यांनी स्त्रियांनाच विचारले : दोन पाळ्यांच्या मध्ये तुम्हाला काय जाणवते? उत्तरे येऊ लागली. काही दिवस कोरडेपणा, मग ओलसरपणा, मग एक निसरडेपणा, आणि एके दिवशी तो अचानक संपतो. वेगवेगळ्या स्त्रियांच्या शब्दांत तोच क्रम होता. यातल्या कित्येकींना आपल्याला काही विकार आहे असे वाटत आले होते. १९६४ मध्ये बिलिंग्ज यांचे या पद्धतीवरील पुस्तक निघाले. पुढे त्यांच्या पत्नी, बालरोगतज्ज्ञ डॉ. एव्हलिन बिलिंग्ज, कामात उतरल्या आणि स्त्रियांशी बोलण्याचा मुख्य भार त्यांनी उचलला.

स्त्रियांच्या सांगण्यावर विज्ञान विश्वास ठेवणार नाही, हे उघड होते. मूळचे न्यूझीलंडचे जीवरसायनतज्ज्ञ जेम्स ब्राउन यांनी १९५५ मध्ये एडिनबरो येथे लघवीतील इस्ट्रोजेन मोजण्याची पद्धत विकसित केली होती आणि आता ते मेलबर्नमध्येच होते. एका बाजूला स्त्रियांच्या रोजच्या नोंदी, दुसऱ्या बाजूला संप्रेरकांचे आकडे. १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बिलिंग्ज दांपत्य, ब्राउन आणि हेन्री बर्गर यांचा लेख आला : नोंदी आणि आकडे जुळत होते. निसरडेपणाचा शेवटचा दिवस स्त्रीबीज सुटण्याच्या अगदी निकट पडत होता. स्वीडनमध्ये एरिक ओडेब्लाड याच काळात चुंबकीय अनुस्पंदनासारख्या भौतिकी तंत्रांनी स्रावाच्या अंतर्रचनेचा अभ्यास करत होते आणि एकच वाटणारा हा द्रव अनेक प्रकारच्या स्रावांचे मिश्रण आहे, असे दाखवत होते.

शेवटची कसोटी पाहिली जागतिक आरोग्य संघटनेने, आणि या वेळी भारत पुन्हा चित्रात आला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाच शहरांत चाचणी झाली : ऑकलंड, डब्लिन, मनिला, एल साल्वादोरमधील सान मिगेल आणि बंगळूर. रामनगरम बंगळूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. एकूण ८६९ स्त्रिया. काही सुशिक्षित मध्यमवर्गीय, काही अगदी गरीब, काही निरक्षर. पहिल्याच चक्रात ९३ टक्के स्त्रियांनी स्रावाचा क्रम ओळखून अर्थ लावता येईल अशी नोंद केली. अक्षरओळख असो वा नसो. मण्यांच्या माळेवरून ज्यांचे हसे झाले होते त्याच वर्गातल्या स्त्रिया आपले शरीर अचूक वाचत होत्या; यापूर्वी त्यांच्या हाती दिलेले साधन चुकीचे होते.

पण याच चाचणीचा दुसरा निकालही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा, कारण पद्धतीचे पुरस्कर्ते तो हळू आवाजात सांगतात. संततिनियमनाचा उपाय म्हणून पाहिले तर वर्षाला शंभर स्त्रियांमागे सुमारे बावीस गर्भधारणा झाल्या. बहुतेक वेळा खूण दिसली होती, कळली होती, तरीही नियम मोडला गेला होता. १९९० मध्ये याच आकड्यांचे पुनर्विश्लेषण झाले : नियम पूर्ण पाळले तर वर्षभरात गर्भ राहण्याचा संभव ३.१ टक्के, न पाळले तर ८६.४ टक्के. खूण खरी आहे म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष करणे इतके महागात पडते. शिवाय ‘आज नको’ हे शब्द घरात ऐकून घेतले जातील की नाही, हे कोणत्याही स्रावावर अवलंबून नसते.

स्रावाच्या ज्ञानाचा अधिक मोठा उपयोग झाला तो मूल हवे असणाऱ्यांना. १९९५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गर्भधारणा होते ती केवळ सहा दिवसांत : स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. सिम्सच्या ५५ प्रयत्नांपैकी बहुतेक या सहा दिवसांबाहेर पडले असावेत. तिकडे औषधशास्त्राने याच ज्ञानाचा उलटा वापर केला. फक्त प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्य असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या परिणामाचा मोठा भाग म्हणजे स्राव घट्ट करून ते बूच महिनाभर बसवून ठेवणे.

मराठीत या स्रावाला आजही निरोगी अर्थाचा रुळलेला शब्द नाही. ‘अंगावरून पांढरे जाणे’ हा शब्दप्रयोग आहे, पण तो दुखण्याचा. त्यामुळे दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी घडतात : महिन्याच्या मध्यावरचा स्वच्छ, गंधहीन स्राव आजार समजून स्त्री घाबरते, आणि दुर्गंधी, खाज, रंगबदल असलेला खरा संसर्ग ‘बायकांना असतेच ते’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

या दुसऱ्या गोष्टीचे मोजमाप महाराष्ट्रातच झाले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बिलिंग्ज यांचा लेख जेथे आला होता, तेच हे नियतकालिक. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के.